नाव घेऊन मागणारे मामंजी

आमच्या मामंजींना घाऊक प्रार्थना चालत नसे. उपासनेत कुणी उठून "जगातल्या सगळ्या दुःखी-कष्टी लोकांवर दया कर" असं म्हणू लागला की मिटल्या डोळ्यांनीच त्यांच्या कपाळाला आठी पडे. 'आमेन' झाल्यावर ते त्या माणसाला बाजूला घेत आणि अगदी हळू विचारत, "दुःखी कोण आहे? एखाद्याचं नाव सांगा की." तो बिचारा गोंधळून जाई. जगातल्या सगळ्या दुःखितांपैकी एकाचंही नाव त्याला आठवत नसे. मामंजींना मात्र नावाशिवाय मागताच येत नव्हतं. माणसाचं नाव, राहायचं ठिकाण आणि नेमकं दुखतं कुठं, एवढं कळलं की त्यांचं काम सुरू व्हायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सोलापुरात गिरण्यांच्या मागच्या अंगाला आमची एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती, तिचे ते पाळक. मंडळीतली बहुतेक माणसं गिरणीत राबणारी. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, कौलारू, बसायला सतरंज्या, आणि उपदेश ऐन रंगात आला की शेजारच्या गिरणीचा भोंगा. चाळीतले लोक, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, मामंजींना पाद्रीबाबा म्हणत. मी लग्न होऊन या घरात आले ती सन तीसच्या आधीची गोष्ट. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत सांधेवाले. गाडी आली की रूळ बदलून द्यायचं त्यांचं काम. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा ते सिग्नल पाडल्यासारखी करायचे. हात खाली आला की गाडी सुटली. अशा घरातली मी, सासरी पहिल्याच दिवशी वाढलेल्या ताटासमोर डोळे मिटून बसले आणि नावांमागून नावं ऐकत राहिले. रंगव्वाचा गुडघा झाला, शिवराम पहारेकऱ्याचा खोकला झाला, कुणाच्या तरी शेळीचं अडलेलं बाळंतपण झालं. एक डोळा किलकिला करून बघितलं तर आमटीवरचा तवंग गोठला होता आणि सासूबाई शांतपणे माशा वारत होत्या. हात धुताना त्या मला म्हणाल्या, "सवय हुईल की. गरम वाढलं तरी गारच खायचं हाय, म्हनून म्या चूलच लवकर इझवती."

मामंजींची प्रार्थनेची जागा म्हणजे आमची कोठी. दोन बाजूंना ज्वारीची पोती, कोपऱ्यात मिरच्यांचा हारा, आणि मधे गुडघे टेकायला घडी घातलेलं घोंगडं. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत ते आत जाऊन दार लावून घेत. आता पीठ कोठीत, तिखट कोठीत, मीठसुद्धा कोठीत. मला भाकऱ्या करायच्या असत, माझ्या नवऱ्याला शाळेत शिकवायला जायचं असे, आणि मी सूप हातात घेऊन दाराबाहेर उभी. दार ठोठावायची टाप नव्हती. उभी राहायचे म्हणजे ऐकायचेच, कान काही चुलीपाशी ठेवून येता येत नाहीत. खरं सांगायचं तर काही दिवसांनी पीठ आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवायची अक्कल मला सुचली होती, पण मी ती वापरली नाही. सगळ्या चाळीची खबरबात मला त्या दाराबाहेर मिळे. कितीतरी माणसांची दुखणी मला त्यांच्या चेहऱ्यांच्या आधी ठाऊक झाली. पुढं रस्त्यात रंगव्वा भेटली तेव्हा मी आधी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

एका पहाटे असंच ऐकत असताना माझं नाव आलं. "आणि शांता," मामंजी म्हणाले, आणि थांबले. "तिला इथं करमत नाही. ती न्हाणीघरात पाणी ओतत ओतत रडते, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. तिच्या आईची सय तिला येऊ दे, पण पोळू देऊ नकोस. आणि आम्हाला तिच्याशी नीट वागायला शिकव." मी सूप घेऊन तशीच चुलीपाशी येऊन बसले. घरात कुणाला काही कळलेलं नाही अशी माझी खात्री होती. त्या दिवसापासून मी न्हाणीघरात रडायची थांबले. लाजून थांबले की बरं वाटून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिशनचे गोरे साहेब वर्षाकाठी तपासणीला येत. त्यांना सगळं चोख लागे. त्यांनी एकदा विचारलं, "पाळक, तुम्ही सकाळी काय काम करता?" मामंजी म्हणाले, "मंडळीच्या घरोघर जातो, साहेब." साहेब म्हणाले, "पण मी तर ऐकलं, सकाळी तुम्ही घराबाहेरच पडत नाही." मामंजींनी त्यांना कोठीत नेलं, घोंगडं दाखवलं आणि म्हणाले, "इथून जातो. दुपारी पायांनी जातो ते नुसतं बघायला, की सकाळी बरोबर पोचलो होतो का." साहेबांनी पोत्यांकडे पाहिलं, घोंगड्याकडे पाहिलं, आणि ज्वारी काय भाव पडली ते विचारून ते बाहेर आले.

दुपारी ते खरोखरच हिंडत. काखेत छत्री, डोक्याला पांढरा फेटा. कुठल्याही घरी गेले तरी एकदम आत शिरत नसत. दारापाशी मान खाली घालून थोडा वेळ उभे राहत आणि त्या घरातल्यांची नावं मनात घेत. साखर पेठेकडे एका तेलुगू विणकर बाईला वाटलं, म्हातारा मागायला आलाय. तिनं सुपलीत ज्वारी आणून पुढं केली. मामंजींनी मुकाट्यानं उपरणं पसरून ज्वारी घेतली आणि तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, नरसव्वा. दुसऱ्या पहाटेपासून नरसव्वाही कोठीत येऊ लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता पगार पुरंना म्हनून भीक मागाया लागलाय व्हय?" मामंजी म्हणाले, "ती देत होती. नाही म्हटलं असतं तर नाव कसं विचारलं असतं?"

इथवर सांगितलेलं ऐकून कुणालाही वाटेल की बाबा साधुपुरुष होता आणि सून त्याची आरती ओवाळते आहे. तसं नाही. या नाव घेण्यातूनच त्यांच्या हातून असं एक घडलं, की त्यांची सगळी पाळकी त्यात बुडायची वेळ आली.

आमच्या मंडळीत सखू आणि योहान असं एक जोडपं होतं. सखू गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात, योहान साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. त्यांना एक मुलगी होती. योहानाचं आणखी एक महत्त्व म्हणजे देवळातली ढोलकी तो वाजवी. भजनाला उभे राहिलो की आमचे सूर चार दिशांना जात. योहानाची थाप पडली की सगळे हाकलल्यासारखे एका वाटेला लागत. सखू एका दुपारी मामंजींकडे आली. मी तेव्हा घरात नव्हते, त्यामुळे ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, याची मला तेव्हा फार हळहळ वाटली. पण दुसऱ्या पहाटे दाराबाहेर कळलंच. योहान पिऊ लागला होता आणि पिऊन आला की सखूला मारत होता. मामंजी रोज पहाटे त्याचं नाव घेऊ लागले. भेटल्यावर त्याला मात्र काही बोलले नाहीत. "काय योहान, बरं आहे ना?" एवढंच.

मग तो रविवार आला. सखू माझ्या शेजारीच सतरंजीवर बसली होती, मांडीवर लेक झोपलेली. मामंजी मंडळीसाठी प्रार्थना करायला उभे राहिले. रंगव्वा झाली, पहारेकरी झाला, आणि मग त्यांचा आवाज थोडा बदलला. ते म्हणाले, "प्रभो, योहानाकडे पाहा. जो हात इथं तुझ्या भजनाला ढोलकीवर पडतो, तोच हात घरी सखूवर पडतो. तो हात तू धर."

प्रार्थनेत डोळे उघडायची खोड मला होतीच. मी पाहिलं तर त्या दिवशी सगळ्यांनीच उघडले होते. फक्त दोघांचे मिटलेले होते, मामंजींचे आणि सखूचे. सखूचा हात लेकीच्या पाठीवर थोपटता थोपटता तसाच थांबला होता. योहानानं ढोलकी मांडीवरून उचलली, घरंगळू नये म्हणून भिंतीला नीट टेकवून ठेवली, आणि तो उठून बाहेर गेला. त्यानंतरचं भजन आम्ही ढोलकीशिवाय म्हटलं. ते कसं झालं ते न सांगितलेलंच बरं.

घरी आल्यावर मामंजी नेहमीसारखे जेवले. त्यांना काही वावगं झालंय असं वाटलंच नव्हतं. सासूबाईंनी ताट पुढं सरकवत म्हटलं, "नाव घ्यायला नको हुतं तुमी." ते म्हणाले, "नाव न घेता कसं मागू?" सासूबाई म्हणाल्या, "कोठीत घ्या की. तितं कोन तुमचा हात धरतंय?"  मामंजी तोंडातला घास बराच वेळ चावत राहिले.

दिवस कलल्यावर सखू आली. आम्ही आत ये म्हटलं तरी आली नाही, अंगणातच उभी राहिली. मामंजी बाहेर गेले. त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे, हातांकडे पाहिलं. ती म्हणाली, "न्हाय, मारलं न्हाय. आंगालाबी हात लावला न्हाय. कापडं घेतली आन् गेला. कुटं गेला ते बोलला न्हाय." मामंजी म्हणाले, "येईल तो. मी रोज—" तिनं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"पाद्रीबाबा, म्या तुमास्नी सांगितलं ते देवाला सांगाया. देवळातल्या सतरंज्यांना न्हवं." ती आवाज न चढवता बोलत होती, म्हणून जास्तच ऐकू येत होतं. "आजवर कुनालाच ठावं न्हवतं. शेजारणीला म्या सांगत हुते, पाय घसरला. आता दुपारपासनं एकेक बाई दारात येतीया. कसं हाय सखू, लई दुखतंय का सखू. गिरणीत उद्या समदं खातं इचारंल. मार म्या झाकत हुते. ह्ये कशानं झाकू? म्या परत तुमास्नी काय बी सांगनार न्हाय."

ती गेली. मामंजी अंगणात उभेच होते.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. मामंजी दुपारी नेहमीसारखे हिंडले, पण त्यांना कुणी काही सांगेना. "कसं काय रंगव्वा?" "बरं हाय, बाबा." "गुडघा?" "बरा हाय की." आणि रंगव्वा तर भिंत धरून चालत होती. पहारेकऱ्यानं खोकला दाबून धरला आणि तोंड फिरवलं. सगळी मंडळी एका रात्रीत निरोगी झाली होती. लोकांना त्यांच्याबद्दल राग नव्हता, ते पूर्वीसारखेच चहा देत, बसायला पोतं अंथरत. पण आपलं दुखणं येत्या रविवारी सगळ्यांपुढं मांडलं जाईल, या धास्तीनं प्रत्येकानं आपलं आपलं झाकून घेतलं होतं. ज्याचं सगळं काम लोकांच्या दुखण्यांवर, त्या पाळकाला दुखणंच कुणी सांगेना.

एका सकाळी कोठीतून काहीच आवाज येईना म्हणून मला वाटलं ते बाहेर गेलेत. मी दार ढकललं. मामंजी घोंगड्यावर नव्हते, ज्वारीच्या पोत्यावर बसले होते, डोळे उघडे. मी मागं फिरणार तोच ते म्हणाले, "या सूनबाई, पीठ घ्या. माझं इथं काही चाललेलं नाही." मी पीठ घेतलं. खरं तर मला पीठ नको होतं. पण त्यांच्या त्या शब्दांपुढं काहीतरी करत राहणं भाग होतं, म्हणून मी मीठही घेतलं.

मंडळीचे पंच येऊन बसले. त्यांनी फार सांभाळून सुचवलं की वैरागकडे एक लहान मंडळी आहे, हवा चांगली आहे, पाळकसाहेबांनी थोडे दिवस तिकडं जावं, तोवर इथलं निवळेल. मामंजी म्हणाले, "योहान भेटल्याशिवाय मी कुठं जाणार नाही. त्याला इथून घालवून मी कसा राहू, आणि त्याला न भेटता कसा जाऊ?" पंचांनी विचारलं, तो आहे कुठं? ते मामंजींनाही ठाऊक नव्हतं. गिरणीच्या गेटावर, स्टेशनावर, बाजारात, जिथं तिथं ते विचारत होते. सखूच्या दाराशीही जात. आत जात नसत, ती आत घेतही नसे. मान खाली घालून उभे राहत आणि परत येत.

योहानाचा पत्ता लागला तो माझ्या माहेरी. मी पहिलटकरीण, बाळंतपणाला कुर्डुवाडीला गेले होते. एके दिवशी वडील कामावरून आले आणि म्हणाले, "छोट्या आगगाडीच्या कारखान्यात सोलापूरचा एक गडी लागलाय, ढोलकी लई ग्वाड वाजवतो. आपल्यातला हाय म्हनं. पर उपासनेला ये म्हटलं की तोंड फिरवतो." मी वडिलांना म्हटलं, मामंजींना ताबडतोब निरोप धाडा. मला मुलगा झाला त्याचा आणि योहानाचा निरोप एकदमच गेला. मामंजी दुसऱ्याच गाडीनं हजर. त्यांनी नातवाला पाहिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वडिलांना विचारलं, "कारखान्याचा रस्ता कुठून?" माझी आई आतल्या खोलीत येऊन पुटपुटली, "नातू बघाया आलेत का भोंगा ऐकाया?"

रोज संध्याकाळी कारखाना सुटायच्या वेळी ते गेटापाशी जाऊन उभे राहत. योहान समोरून येई, त्यांना बघे आणि निघून जाई. हे मला वडील सांगत. मग एका संध्याकाळी दोघंही आमच्या ओट्यावर आले. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी ओट्यावरच उघडते, आणि मला खाटेवरून उठायची बंदी होती, तेव्हा या वेळी ऐकल्याचा दोष माझ्याकडे येत नाही.

योहान म्हणाला, "बोला काय बोलायचं हाय ते. तितं रोज गेटापाशी हुबं ऱ्हाता. गडी मला इचारत्यात, तुजा सासरा हाय का."

"माफी मागायला आलोय," मामंजी म्हणाले.

"बायकोला म्या मारलं, आन् माफी तुमी मागताय?"

"तुझी माफी तू तिच्याकडे माग, ते तुझं काम. तू तिला मारलंस ते फार वाईट केलंस, योहान. हे तुझ्या तोंडावर सांगतोय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. रोज भेटत होतास, रोज 'बरं आहे ना' म्हणून पुढं जात होतो. मला तुझी भीती वाटत होती. रागावून गेलास तर भजन बंद पडेल, म्हणून मी भ्यालो. मग देवळात डोळे मिटून तुला बोललो. तोंड देवाकडं होतं, बोलणं तुझ्याशी. देवाला त्यात काही नवं कळणार नव्हतं. सगळ्यांच्या देखत तू खाली मान घालावीस, एवढंच मला पाहिजे होतं." छत्री ओट्याला टेकवल्याचा आवाज आला. "आणि जिनं विश्वासानं सांगितलं, तिला मी उघडं पाडलं. इतकी वर्षं मागत आलो, त्यात असं किती वेळा केलं असेल, ते आता एकेक आठवतंय."

 योहान म्हणाला, "ती काय म्हन्ती?"

"माझ्याशी बोलत नाही."

"माज्याशीबी बोलायची न्हाय."

"मग दोघं एकाच दाराबाहेर आहोत," मामंजी म्हणाले.

योहान म्हणाला, "मागा की मग. हितं मागा. माजं नाव घिऊन."

मला वाटलं आता सुरू होईल. मी बाळाला घट्ट धरून वाट बघत राहिले. मामंजींचा आवाज आला तो अगदी लहान होता. "येत नाही रे आता. त्या दिवसापासून शब्दच येत नाहीत."

"मला तर कदीच येत न्हवतं," योहान म्हणाला. "म्या नुसती ढोलकी वाजवत हुतो."

त्यानंतर बाहेर काहीच ऐकू आलं नाही. आईनं दिवा नेऊन ठेवला तेव्हा, ती म्हणाली, दोघंही डोळे मिटून नुसतेच बसले होते, मधे हातभर अंतर ठेवून. जेवायला बोलवावं की नाही ते तिला कळेना. शेवटी माझ्या लेकानंच टाहो फोडला आणि ते उठले.

योहान सोलापूरला आला तो लगेच घरात नाही. सखूनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सुट्टीला कुर्डुवाडीहून यायचं, पायरीवर बसायचं, लेकीशी खेळायचं, आणि सखूला जे सांगायचं ते तिथूनच सांगायचं. चाळीतल्या सगळ्या बायकांना ते ऐकू जाई, आणि सखूला ते चालत होतं. आता लाज झाकायची पाळी त्याची होती. शेवटी तिनं त्याचं ताट आत मांडलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पुन्यांदा हात उचललास तर पाद्रीबाबाला न्हाय सांगनार. फौजदाराला सांगीन." पिणं त्याचं पुरतं सुटलं असं मी म्हणणार नाही. सणावारी पाय वाकडा पडे. पण सखूच्या अंगावर पुन्हा हात पडला नाही. त्याची ढोलकीही देवळात परत आली.

मामंजींची प्रार्थना मात्र पूर्वीची राहिली नाही. रविवारी मंडळीच्या प्रार्थनेची वेळ आली की ते उभे राहत आणि म्हणत, "ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव मनात घ्यावं." आणि गप्प. सुरुवातीला लोकांना ते फार अवघड गेलं. कुणी खोकलं, कुणाचं पोर रडलं, मी तर नेहमीप्रमाणे डोळे उघडून कुणाचं काय चाललंय ते बघत होते. साहेबांकडे तक्रार गेली की पाळक प्रार्थना करत नाहीत, नुसते उभे राहतात. साहेब स्वतः येऊन बसले. त्या शांततेत त्यांनीही मान खाली घातली आणि भोंगा झाला तेव्हाच वर केली.  वैरागचा विषय पुन्हा निघाला नाही.

कोठीतही मामंजींचा आवाज बंद झाला होता. नुसते ओठ हलत. माझं रोजचं वर्तमानपत्र बंद पडलं. मी दाराला कान लावूनही पाहिलं, पण पोत्यातल्या उंदरांपलीकडे काही ऐकू येईना. तेव्हा कुठं मी पीठ आदल्या संध्याकाळी काढून ठेवायला लागले. हळूहळू लोकही परत सांगू लागले. रंगव्वानं गुडघा दाखवला. पहारेकरी मोकळेपणी खोकला. कुणी दुसऱ्याबद्दल काही सांगायला आलं की मामंजी ऐकून घेत आणि विचारत, "हे त्या माणसाला तुम्ही स्वतः सांगितलंत का?" सांगण्याजोगं असेल तर आधी तिकडं पाठवत. आणि त्यांना स्वतःला कुणाला काही बोलायचं असलं की छत्री घेऊन ते त्याच्या घरी जात. तोंडावर बोलताना त्यांचा आवाज कापे. पण बोलत.

सगळे परत आले, एक सखू सोडून. म्हणजे ती उपासनेला येई, रस्त्यात भेटली की "सलाम, पाद्रीबाबा" म्हणे, सणाला वाटीभर शेंगांची चटणी आणून देई. योहान नव्यानं नांदायला लागल्यावर तिचा राग गेला होता, हे तिच्या तोंडावर दिसे. पण सांगायचं म्हणून काही सांगायला ती पुन्हा कधी आमच्या दारात आली नाही. मामंजी "बरं आहे ना, सखू?" म्हणत आणि उत्तरासाठी जरा जास्तच वेळ उभे राहत. ती "व्हय की" म्हणून निघून जाई. अशी वर्षं गेली. एकदा सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या आता. संसार झाला नव्हं तिचा सरळ?" मामंजी म्हणाले, "तिचा झाला. तिनं माझ्यापाशी ठेवलेलं मी सांडलं, ते कुठं भरून आलंय?"

मामंजींच्या शेवटच्या दुखण्यात छाती धरली होती. थंडीचे दिवस. त्यांना उशाला ज्वारीचं पोतं देऊन बसतं ठेवलं होतं, कारण आडवं झालं की श्वास लागे. मंडळी येऊन जात होती, जो तो आपलं काहीतरी सांगून जात होता. आजाऱ्याला भेटायला येतात की आपली गाऱ्हाणी सांगायला, असं मला वाटे. त्यात एका दुपारी सखू आली. पाळी संपवून तशीच आलेली, केसांत कापूस. ती दारातच उभी राहिली आणि मामंजींकडे पाहत राहिली. सासूबाईंना काय कळलं कोण जाणे, त्या उठल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "चल, चूल बघ."

मी म्हटलं, "सासूबाई, चूल विझलीय."

"मग पेटव की."

मी स्वयंपाकघरात गेले, पण चुलीपाशी बसले नाही, दाराला लागून उभी राहिले. मला दिसलं ते एवढंच, की सखू खाटेपाशी खाली बसली आणि मामंजींच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली. बराच वेळ बोलली. एकदा तिनं पदरानं डोळे पुसले. मामंजींनी मान हलवली. मग ती उठली, तांब्यातलं पाणी त्यांना पाजलं, त्यांच्या पायांवरचं घोंगडं सारखं केलं आणि कुणाशी काही न बोलता निघून गेली. आम्ही आत गेलो. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनत हुती सखू?" मामंजींनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर असं काही होतं, की सासूबाईंनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. मी जवळ वाकून पाहिलं. इतकी वर्षं त्यांची प्रार्थना ऐकली होती, पण त्या ओठांवरून मला एकही नाव ओळखता आलं नाही.

ते गेल्यावर बाकी सगळं जसं व्हायचं तसं झालं. योहानानं कबरस्तानापर्यंत ढोलकी वाजवली. पुढं एकदा सकाळी मी नळावर पाणी भरत होते आणि सखू गिरणीत निघाली होती. मला राहवलं नाही. मी घागर खाली ठेवली आणि विचारलं, "सखूबाई, त्या दिवशी मामंजींना काय सांगितलंस गं?"

ती थांबली. माझ्याकडे पाहून थोडी हसली.

"ते त्यांच्यापाशी ठिवलंय, वैनी," ती म्हणाली. "तितंच ऱ्हाऊ द्या."

आणि ती भोंग्याच्या दिशेनं गेली. मामंजींना माती देऊन तेव्हा पंधरवडा झाला होता.